वडिलांच्या पायांत गोळे येतात : कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?

कऱ्हाडची लेक (प्रश्न)

माझे वडील ६८ वर्षांचे असून निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. ते आईसोबत कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. चार महिन्यांपूर्वी त्यांना छातीत दुखू लागल्याने एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी करावी लागली आणि एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला. घरी सोडताना रुग्णालयाने रक्तदाबाची गोळी, पित्ताची गोळी आणि रात्री घ्यायची एक कॅप्सूल लिहून दिली. त्याआधी सहा वर्षांपासून गावातल्या डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची एक छोटी पांढरी गोळी ते घेतच होते. ती त्यांनी आजही चालू ठेवली आहे, कारण ती बंद करा असे त्यांना कोणी सांगितले नाही.

स्टेंट बसवण्याआधी त्यांचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ होते आणि गेल्या महिन्यात ते ५८ आले, त्यामुळे आम्ही सगळे खूश होतो. मात्र गेले दोन आठवडे त्यांच्या दोन्ही मांड्या आणि खांद्यांजवळचे दंड दुखत आहेत. पाटावर जेवायला बसले की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, आणि माडीचा जिना चढताना ते मध्येच थांबतात. ते स्वतः "वय झाले, दुसरे काय" असे म्हणून विषय संपवतात. आमच्या एका नातेवाइकांनी मात्र ठामपणे सांगितले आहे, की हा सगळा कोलेस्टेरॉलच्या गोळीचा प्रताप आहे, ती रात्रीची कॅप्सूल आजच बंद करा आणि अर्जुनसालीचा काढा सुरू करा.

गोळी खरोखरच बंद करावी का? यकृतावर परिणाम झाला असेल का, आणि तो कसा कळेल? ही औषधे रात्रीच घ्यायची असतात का? एक गोष्ट सांगायची राहिली. मांडीच्या सांध्यात नायटा झाल्याने त्वचेच्या डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी त्यांना रोज घ्यायच्या कॅप्सूल दिल्या असून त्या अजून चालू आहेत. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

तालुक्याचा डॉक्टर

आपण सर्वांत शेवटी, संबंध नसावा असे म्हणून लिहिलेले वाक्यच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इथे बसून मी निदान करू शकत नाही. तरीही उत्तराची वाट न पाहता आज संध्याकाळच्या आत काय करावे ते आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो.

वडिलांच्या लघवीचा रंग आज कसा आहे ते आईंना फोन करून विचारा. तो काळ्या चहासारखा किंवा कोकमाच्या आगळासारखा गडद असेल, लघवीचे प्रमाण कमी झाले असेल, ताप असेल किंवा त्यांना हात वर उचलणेही जमत नसेल, तर फोनाफोनीत वेळ न घालवता त्यांना थेट रुग्णालयात न्यावे. यांपैकी काही नसेल, तर सर्व औषधांच्या पट्ट्यांचे फोटो मागवून घ्या आणि आजच हृदयरोगतज्ज्ञांशी बोला. सीपीके (स्नायूंना झालेली इजा दाखवणारी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी) या दोन रक्ततपासण्या लगेच कराव्यात, असे ते बहुधा सांगतील.

नातेवाइकांच्या सल्ल्यात मोठा धोका आहे. स्टेंटनंतर आपल्याकडे दिली जाणारी रात्रीची कॅप्सूल बहुतेक वेळा केवळ कोलेस्टेरॉलची नसते. तिच्यात रोसुवास्टॅटिन किंवा अटोर्वास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या कोलेस्टेरॉलच्या औषधाच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन औषधेही असतात. कोलेस्टेरॉलची म्हणून ती कॅप्सूल बंद केली, तर स्टेंटचे संरक्षण करणारी औषधेही नकळत बंद होतात, आणि चार महिन्यांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेतू शकते. कोलेस्टेरॉलचे औषध आठवडाभर थांबल्याने सहसा आभाळ कोसळत नाही, पण क्लोपिडोग्रेल थांबल्याने कोसळू शकते. म्हणून ती कॅप्सूल कोणीही परस्पर बंद करू नये. स्टॅटिन थांबवायचे असल्यास उरलेली दोन औषधे वेगळी लिहून देणे डॉक्टरांना सहज शक्य असते.

आता माझी शंका सांगतो. गावातल्या डॉक्टरांची छोटी पांढरी गोळी अटोर्वास्टॅटिन असावी आणि रुग्णालयाच्या कॅप्सूलमध्येही स्टॅटिन असावे, म्हणजे वडील एकाच गटातली दोन औषधे घेत असावेत. नायट्यासाठी महिनाभर रोज दिली जाणारी कॅप्सूल आपल्याकडे बहुधा इट्राकोनाझोलची असते. यकृतातील आणि आतड्यातील जे विकर (एन्झाइम) अटोर्वास्टॅटिनचा निचरा करते, त्यालाच इट्राकोनाझोल अडवून धरते. त्यामुळे गोळी १० मिलिग्रॅमचीच असली तरी रक्तातील औषधाची पातळी कितीतरी वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. सिम्वास्टॅटिन आणि लोवास्टॅटिन तर इट्राकोनाझोलसोबत देऊच नयेत असा नियम आहे. रोसुवास्टॅटिनचा निचरा मुख्यतः या वाटेने होत नसल्याने त्याच्यावर परिणाम कमी होतो. घसा बसला किंवा छातीत कफ झाला की दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही इट्राकोनाझोलसारखाच अडथळा करते. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णांमध्ये इट्राकोनाझोल मुळातच टाळले जाते, म्हणून स्टेंट बसवल्याची माहिती त्वचेच्या डॉक्टरांना दिली होती का, तेही विचारून घ्या.

यकृताबद्दल बहुतेकांना वाटते तितकी काळजी करण्याचे कारण नाही. औषध सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करावी. त्या तपासणीतील एसजीपीटी हा आकडा सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर औषधाचा फेरविचार होतो. किरकोळ वाढ अनेकांत दिसते आणि औषध चालू असतानाच ती खालीही येते. दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी केलीच पाहिजे ही सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली काढून टाकली. डोळे पिवळे होणे, भूक पार मरणे किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र ताबडतोब तपासावे.

वेळेचा प्रश्न सोपा आहे. यकृत रात्री अधिक कोलेस्टेरॉल बनवते आणि सिम्वास्टॅटिनसारखी जुनी औषधे काही तासांतच शरीरातून निघून जातात, म्हणून रात्रीचा दंडक पडला. अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन यांचा प्रभाव दिवसभर टिकतो. त्यामुळे रोज एकाच वेळी घ्यावे आणि विसरू नये एवढेच पुरे आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत.

औषधविक्रेता, २२ वर्षे

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीची दुसरी बाजू मला रोज काउंटरवरून दिसते. औषधाच्या पट्टीवर कंपनीने ठेवलेले नाव मोठ्या ठसठशीत अक्षरांत असते आणि आत प्रत्यक्ष काय आहे ते खाली बारीक अक्षरांत छापलेले असते. एकाच अटोर्वास्टॅटिनच्या इतक्या नावांच्या पट्ट्या बाजारात आहेत, की दोन वेगळ्या नावांची औषधे वेगळीच असणार असे ग्राहकाने समजणे अगदी साहजिक आहे. त्यातच आम्ही विक्रेते दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते, आणि ग्राहकाच्या डब्यात अ‍ॅल्युमिनियमचा एक निनावी चौकोन पडून राहतो. ही आमच्या व्यवसायाची चूक आहे आणि ती मी स्वतःही केलेली आहे.

पट्टी हातात आली की मोठे नाव सोडून बारीक अक्षरे भिंगातून वाचावीत. "स्टॅटिन" हा शेवट असलेला शब्द दोन पट्ट्यांवर दिसला, तर दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. (नायस्टॅटिन या बुरशीवरच्या औषधाचा शेवटही तसाच आहे, पण त्याचा कोलेस्टेरॉलशी काहीही संबंध नाही, एवढा एक अपवाद लक्षात ठेवावा.) कॅप्सूलच्या नावापुढे १०, ७५ आणि ७५ अशा तऱ्हेचे आकडे असतील, तर तिच्यात तीन औषधे आहेत असे समजावे. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. आपल्याकडे ते चिठ्ठीशिवाय मिळून जाते ही गोष्ट वेगळी.

रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांनी अ‍ॅसिडिटीचे गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध त्याच्याबरोबर घेऊ नये, कारण त्यातील अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियममुळे गोळीचा जवळजवळ निम्मा अंश वाया जातो. गोळीनंतर किमान दोन तासांनी ते घ्यावे. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलच्या गोळीला हा नियम लागू नाही.

जाता जाता एक सांगतो. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ साली या गटातले पहिले औषध एका बुरशीतूनच शोधले होते. त्या बुरशीच्या वंशजांना आज बुरशीवरचे औषध आडवे यावे, हा योग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. गमतीचा नसलेला इतिहासही आहे. सेरिवास्टॅटिन हे याच गटातले औषध २००१ साली जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार त्यात फार घडले, आणि जेमफायब्रोझिल हे दुसरे औषध सोबत घेणाऱ्यांत ते विशेष घडले.

ठाण्याचा रुग्ण

माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे, म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी मला अटोर्वास्टॅटिन सुरू केले आणि दोन महिन्यांत पोटऱ्या दुखू लागल्या. मी इंटरनेटवर वाचून गोळी बंद केली आणि डॉक्टरांना काही कळवले नाही. सहा आठवड्यांनंतरही दुखणे तसेच राहिले तेव्हा लाजत लाजत गेलो. त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासले तर ते १८ आले, म्हणजे थायरॉइड मंदावले होते. थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल वाढते, स्नायू दुखतात आणि स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रासही बळावतो, असे त्यांनी समजावून सांगितले. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर पोटऱ्या शांत झाल्या, आणि आज मी तेच अटोर्वास्टॅटिन विनातक्रार घेतो. गोळी बंद होती त्या काळात एलडीएल पूर्ववत १६० च्या घरात गेले होते. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण चांगला रिपोर्ट गोळीमुळेच आलेला असतो.

सांगलीचा वाचक

नातेवाइकांनी सुचवलेला काढा अगदीच मोडीत काढू नये असे मला वाटते. गुग्गुळावर तर आपल्याच देशात संशोधन झालेले आहे. वडिलांना निसर्गाचे औषध देऊन पाहण्यात काय हरकत आहे?

तालुक्याचा डॉक्टर

सांगलीच्या वाचकांनी गुग्गुळाचा विषय काढला ते बरे झाले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यावर खरोखरच मोलाचे काम केले आणि त्यातून औषधही तयार झाले. मात्र २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कमी होण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. काढा वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने स्टॅटिनच्या जागी काढा घेऊ नये आणि सोबत काही घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. लाल यीस्टचा तांदूळ या नावाने विकल्या जाणाऱ्या "नैसर्गिक" गोळ्यांत तर लोवास्टॅटिनच असते. त्याचा डोस मात्र पाकिटागणिक बदलतो.

ठाण्याच्या रुग्णांचा अनुभव दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक चाचणी झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले. त्यांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ (औषध नसलेली) गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग पोकळ गोळीच्या महिन्यांतही होता. त्रास खराच होता, पण बहुतांशी त्याचे कारण गोळीतील औषध नव्हते. मात्र हा आकडा पुढे करून कऱ्हाडच्या आजोबांना "हे मनाचे खेळ आहेत" असे कोणी सांगू नये. त्यांच्याकडे बहुधा दोन स्टॅटिन आहेत, इट्राकोनाझोलही असावे, आणि दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू सारखेच दुखून दुबळे झाले आहेत. अशा वेळी आधी रक्त तपासायचे असते.

लेस्टरची मराठी

इंग्लंडमध्ये मला रोसुवास्टॅटिन सुरू करताना डॉक्टरांनी मूळ देश विचारला तेव्हा थोडा राग आला होता. नंतर कळले, की आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात या औषधाची पातळी जवळजवळ दुप्पट आढळते, म्हणून इथे सुरुवात ५ मिलिग्रॅमने करतात आणि ४० मिलिग्रॅमची गोळी आपल्या लोकांना देतच नाहीत. परदेशातून आईवडिलांसाठी औषधे पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ग्रेपफ्रूटचा रस फार पिऊ नका असे इथल्या अटोर्वास्टॅटिनच्या कागदावर लिहिलेले असते. गणपतीत आपण आणतो ते पपनस त्याच कुळातले आहे.

औषधविक्रेता, २२ वर्षे

पपनसाबद्दलची माहिती बरोबर आहे. अटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन चालू असताना ते टाळलेले बरे. नागपुरी संत्री आणि मोसंबी यांना मात्र कोणी उगाच घाबरू नये. ती बंद करून बसलेले कितीतरी ग्राहक मी पाहिले आहेत.

कऱ्हाडची लेक

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहीत आहे, कारण शेवट कळल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

त्याच संध्याकाळी आईने जेवणाच्या टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडून फोटो पाठवले. पांढरी गोळी अटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅमची निघाली. कॅप्सूलमध्ये रोसुवास्टॅटिन १०, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम होते. नायट्याची कॅप्सूल इट्राकोनाझोलचीच होती, आणि स्टेंटबद्दल त्वचेच्या डॉक्टरांना काही सांगितलेलेच नव्हते, कारण वडिलांच्या मते "नायट्याला हृदयाचे काय देणेघेणे". लघवीचा रंग नेहमीसारखा होता. दुसऱ्या दिवशी सीपीके १,१४० आले. आमच्या प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २०० आहे. क्रिएटिनिन सुदैवाने १.१ होते.

हृदयरोगतज्ज्ञांनी अटोर्वास्टॅटिन कायमचे बंद केले. तीन औषधांची कॅप्सूल काढून त्यांनी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांची वेगळी गोळी त्याच रात्रीपासून दिली, म्हणजे त्यांत एका रात्रीचाही खंड पडला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल थांबवून फक्त मलम ठेवले. दहा दिवसांत वडील भिंतीला हात न लावता पाटावरून उठू लागले. तीन आठवड्यांनी सीपीके १७४ आले, तेव्हा रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमची स्वतंत्र गोळी सुरू केली.

मला एका गोष्टीचा धक्का बसला. आम्ही ज्या ५८ वर खूश होतो, तो आकडा दोन स्टॅटिनचा होता. एकट्या रोसुवास्टॅटिनवर पाच आठवड्यांनी एलडीएल ७१ आले. स्टेंट बसवलेल्यांसाठी ते ५५ च्या खाली हवे असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्क्यांनी उतरते, म्हणून डोस वाढवण्याऐवजी त्यांनी इझेटिमाइब १० मिलिग्रॅमची गोळी जोडली, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाऊ देत नाही. पुढची तपासणी दीड महिन्याने आहे.

वडिलांनी वहीच्या पानावर हजेरीपटासारखे रकाने आखून औषधाचे खरे नाव, मिलिग्रॅम, कोणी दिले आणि कशासाठी दिले, असे लिहून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही त्याचा फोटो घेऊन जातात. आता शेवटचा प्रश्न विचारते. अटोर्वास्टॅटिनच्या अडीच पट्ट्या शिल्लक आहेत, आणि शेजारच्या काकांनाही कोलेस्टेरॉल असल्याने त्या त्यांना द्याव्यात असे आईचे म्हणणे आहे.

औषधविक्रेता, २२ वर्षे

काकांना देऊ नका. त्यांच्या डब्यात आधीपासून काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. दोन अखंड पट्ट्या आणि बिल घेऊन मूळ दुकानात विचारून पाहा. मुदत बरीच शिल्लक असेल तर काही दुकानदार परत घेतात. उरलेल्या अर्ध्या पट्टीतील गोळ्या काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. मोरीत सोडू नका.